न घातलेला थेंब

तुमच्या आईने, माझ्या लेकीने, मला जिवाणू वाढवायला शिकवलं ते तिच्या शेवटच्या वर्षी, डोंबिवलीच्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलावर. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. विज्ञानाशी माझा संबंध त्याच्या कितीतरी आधी संपला होता. तरी ते काम मला जमलं, कारण त्याला हुशारीपेक्षा शिस्त जास्त लागते आणि शिस्तीची मला सवय होती. हे सगळं मी क्रमाने लिहून ठेवते आहे. तिकडे मोठं होताना तुम्ही दोघं आईबद्दल पुष्कळ काही ऐकाल, पण हा भाग तुम्हाला कोणी सांगणार नाही. तो मला आणि आईबरोबर काम केलेल्या दोघांनाच माहीत आहे आणि त्यातली चूक माझी आहे.

आधी तिचं काम काय होतं ते सांगते. इथून जवळ, मानपाड्याच्या बाजूला, औद्योगिक वसाहतीत काही लहान कारखाने आहेत. नळ, कड्या, सायकलची हँडलं अशा वस्तूंना तिथे चकाकी चढवतात. ही चकाकी क्रोमियम नावाच्या धातूची असते. वस्तू द्रावणातून काढून धुतली की धुवणाचं पाणी पिवळं होतं आणि ते पिवळं क्रोमियम विषारी असतं. पाणी साफ न करता कोणी सोडलं तर ते नाल्यात जातं आणि तिथून खाडीत. साफ करण्याची औषधं आहेत, पण दोन खोल्यांत धंदा करणाऱ्या माणसाला ती जड जातात. तुमची आई सोपी रीत शोधत होती. नाल्याच्या चिखलात काही जिवाणूंना त्या विषाची सवय झालेली असते. ते पिवळ्या क्रोमियमचं हिरवट, पुष्कळ कमी घातक असं रूप करून टाकतात. असे जिवाणू नारळाच्या काथ्यावर आणि भाताच्या तुसाच्या कोळशावर वाढवायचे, पिंपात त्याचे थर भरायचे आणि वरून ते पाणी हळूहळू सोडायचं, अशी तिची कल्पना.

"म्हणजे विष नाहीसं होतं," मी एकदा म्हटलं.

"नाहीसं कुठे होणार गं? धातू आहे तो. पाण्यातला तुसात येतो, एवढंच. मग ते तूस नीट बांधून घातक कचऱ्याच्या गाडीत द्यायचं. नाहीतर एका दारातून हाकललेला दुसऱ्या दारात उभा."

तिने नाल्यातून बरेच जिवाणू वेगळे केले. त्यातला सतराव्या क्रमांकाचा सगळ्यांत कामसू निघाला. त्याला तिने आपल्या नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे सतरा असं नाव दिलं. या कामात तिच्या जोडीला प्रयोगशाळेतले मामा होते. कल्याणच्या ज्या कॉलेजात ती संशोधन करत होती तिथले ते परिचर. राहायला खडवलीला. सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. चिखल आणायला ते तिच्याबरोबर गमबूट घालून नाल्यात उतरायचे, आणि घरी येऊन ती न्हाणीघरात शिरली की तुम्ही दोघं नाक धरून बाहेर नाचायचात.

जिवाणू नळीत ठेवले की तसेच वर्षभर राहत नाहीत. दर महिन्याला त्यांना नवं अन्न भरलेल्या नव्या नळीत न्यावं लागतं. विरजण जसं आजच्या दह्यातून उद्याच्या दुधात जातं, तसंच. आजारपणात तिला जिना उतरवेना. मग मामा अन्न भरलेल्या नळ्या घेऊन घरी यायचे आणि ती पलंगावरून मला सांगायची. आतलं अन्न खरवसासारखं घट्ट असायचं. नळ्या गॅसवर उकळत्या पाण्यात धरून ते पातळ करायचं, त्यात पिवळ्या द्रावणाचा एक थेंब घालायचा आणि नळी लाटण्याला टेकवून तिरपी ठेवायची, की आत उतरता पृष्ठभाग गोठतो. त्यावर तारेने जुन्या नळीतले जिवाणू ओढायचे.

"आई, नळीचं तोंड ज्योतीवरून नीट फिरव. आरती ओवाळत नाहीयेस."

"तू कमी बोल. दम लागतो तुला."

"दम लागतो म्हणून तर तुला कामाला लावलंय. तार लाल होऊ दे. हं. आता थांब, गार होऊ दे, नाहीतर पोरं भाजतील माझी."

ती त्यांना पोरं म्हणायची. तुमच्यातली थोरली टेबलाखाली बसून रिकाम्या नळ्यांची बुचं मोजत होती. तिने डोकं बाहेर काढून विचारलं, "मग आम्ही कोण?"

"तुम्ही खर्चिक पोरं," तुमची आई म्हणाली. मामा इतके हसले की त्यांच्या हातातला स्पिरिटचा दिवा मी काढून घेतला.

पिवळ्या द्रावणाची बाटली तपकिरी काचेची होती. तिच्यावर तुमच्या आईने लाल शाईने कवटी काढली होती, कवटीला चष्मा. मी थेंब घालायला कचरले.

"हे विषच ना?"

"त्यांना चालतं."

"आणि नाही घातलं तर?"

"तर आळशी होतील. गृहपाठ न देणाऱ्या बाईंची मुलं कशी होतात?"

"मी गृहपाठ दिला नाही असं एकदाही झालेलं नाही."

"तेच म्हणते आहे मी. घाल."

तो थेंब पडला की अन्नाला फिकट पिवळा रंग यायचा. दोन दिवसांनी जिवाणूंची साय धरली की पिवळेपणा उतरायचा. ती नळी उजेडात धरून बघायची आणि परत माझ्या हातात द्यायची. शेवटी शेवटी तिला नळी धरवत नसे, तेव्हा मी धरायची.

ती गेली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, तुम्हाला बाबांनी सांगितलं आहे.

तेरावं झालं आणि पुढच्या आठवड्यात मामा दारात उभे. हातात पिशवी, पिशवीत नळ्या.

"बाई, तारीख उलटून चाललीये," ते म्हणाले. "ताई नाहीत म्हणून पोरं उपाशी ठेवायची का?"

मी गॅस पेटवला. नळ्या पातळ केल्या. तपकिरी बाटलीचं बूच काढलं, थेंब घालायची काचेची नळी हातात घेतली, आणि माझा हात पुढे जाईना. तुमच्या आईच्या बोटांवर कधी कधी पिवळा डाग दिसायचा. हातमोजे घालूनसुद्धा. तिचा आजार रक्ताचा होता. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं होतं, याचा तिच्या कामाशी काही संबंध आहे का. नाही म्हणाले ते, अगदी नीट समजावून सांगितलं. मला ते पटलं होतं. पण बाटली हातात घेतल्यावर त्या पटण्याचा काही उपयोग झाला नाही. मी बूच लावून टाकलं.

"बाई, पिवळं राहिलं."

"राहू दे."

"ताई कधी सोडायच्या नाहीत."

"ही बाटली मला घरात नको आहे, मामा. कॉलेजात नेऊन कुलपात ठेवा."

मग त्यांनी लाटण्यावरच्या नळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकली. पुढच्या महिन्यात त्यांनी परत एकदा आठवण केली. त्याच्या पुढच्या महिन्यात केली नाही.

दोन दिवसांनी मी नळ्या पाहिल्या. साय पूर्वीपेक्षा दाट आली होती, अगदी कडेपर्यंत. मला बरं वाटलं. मनात आलं, विष बंद केलं तर बघा कशी अंगाला लागली.

मग तुमचे बाबा तुम्हाला घेऊन कॅनडाला गेले आणि थोड्याच दिवसांत इथे लॉकडाउन लागला. कॉलेज बंद होण्याच्या दिवशी मामा दोन पिशव्या भरून नळ्या ठेवून गेले. फ्रिजमधला वरचा अख्खा कप्पा मी रिकामा केला आणि स्टीलच्या डब्यांत नळ्या उभ्या केल्या, प्रत्येक डब्यावर महिना लिहून. शेजारची विरजण मागायला आली होती. उघड्या फ्रिजकडे दारातूनच बघून ती म्हणाली, "मावशी, लस करताय की काय? सोसायटीला आधी द्या हं, बाहेरच्यांना नंतर."

मामा खडवलीहून फोन करायचे. "बाई, पोरं कशी आहेत?"

"मजेत."

त्या दिवसांत महिन्यातून एक सकाळ मला काम असायचं. आदल्या रात्री टेबल पुसून ठेवायची. तारखा वहीत लिहायची, तुमच्या आईच्याच वहीत, तिच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून. ती वही मी तुम्हाला पाठवणार आहे. तिच्या नोंदीत शेवटच्या रकान्यात दर वेळी 'क्रो. १ थेंब' असं आहे. माझ्या नोंदीत तो रकाना कोरा आहे. मी काही लपवलेलं नाही. पण त्या कोऱ्या रकान्याचा अर्थही मला कळला नव्हता.

कॉलेज उघडलं तेव्हा मामांचा फोन आला. मध्ये कधीतरी वीज गेली होती, ती आली तेव्हा मोठा फ्रीझर चालूच झाला नव्हता. तुमच्या आईने गोठवून ठेवलेलं सगळं वितळून कुजलं होतं. "आता तुमच्याकडचंच खरं, बाई," ते म्हणाले. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला अभिमान वाटला. तिच्या मोठमोठ्या यंत्रांना जे जमलं नाही ते तिच्या आईने घरच्या फ्रिजमध्ये करून दाखवलं होतं.

गेल्या वर्षी तुमच्या आईच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी त्याच कॉलेजात शिकवायला लागली. आता मुलगी म्हणू नये, तिची स्वतःची लेक शाळेत जाते. मला काकू म्हणते, तुमच्या आईला ताई. ती घरी आली, माझ्यासमोर आईची फाइल उघडली आणि म्हणाली, "काकू, ताईंचं सगळं झालंय. कारखान्याच्या खऱ्या पाण्यावर करून दाखवायचं तेवढं राहिलं. ते झालं की संशोधनपत्रिकेत छापून येईल. पहिलं नाव ताईंचं, मग माझं."

मला तो छापील कागद फार हवा होता. धाकट्याला आईचा चेहरा आता फोटोतूनच आठवतो, हे तो मला व्हिडिओ कॉलवर स्वतः म्हणाला आहे. तिचं नाव वर छापलेलं, खाली तिने काय शोधलं ते, असं काहीतरी तुमच्या हातात यावं, एवढंच मी उरलेल्या आयुष्याकडे मागत होते. मी सगळ्यांत ताज्या चार नळ्या रुमालात गुंडाळून स्वतः कल्याणला नेऊन दिल्या.

मानपाड्याच्या एका कारखानदाराने धुवणाच्या पाण्याचे दोन कॅन भरून दिले. तुमच्या आईला तो ओळखत होता. पिंप ठेवायला त्याने कोपरासुद्धा रिकामा केला. पण पिंपाच्या आधी प्रयोगशाळेत चंबूत करून बघायचं होतं. दोन चंबू, दोन्हींत तेच पिवळं पाणी आणि थोडं अन्न. एकात जिवाणू, दुसऱ्यात नाही. मला बोलावलं होतं म्हणून मी तिथे स्टुलावर बसून होते. दोन दिवसांनी पहिल्यातला पिवळा रंग उतरायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी मी गेले तर दोन्ही चंबू शेजारी शेजारी उभे होते आणि कोणता कोणता हे चिठ्ठी वाचल्याशिवाय कळत नव्हतं. तिने पाणी अर्धं पातळ करून पाहिलं. मग पाव. मग अगदी थेंबभर विष. जिवाणू काम करत नव्हते एवढंच नाही, ते मरत होते.

"काकू," तिने शेवटी विचारलं, "दर महिन्याला क्रोमियम घालत होतात ना?"

मी तोंड उघडायच्या आत मोरीपाशी नळ्या विसळणारे मामा म्हणाले, "ते माझ्याकडून राहिलं, मॅडम. बाटली इथेच कुलपात होती. लॉकडाउनच्या गडबडीत बाईंना द्यायची विसरलो, मग विसरूनच गेलो."

"विसरलात? मामा, इतकी वर्षं विसरलात? ताईंबरोबर नाल्यात उतरलेला माणूस तुम्ही!" तिचा आवाज चढला, मग तिने स्वतःला आवरलं आणि ती खिडकीकडे गेली.

मामा पाठमोरे नळ्या विसळत राहिले. आणि मी काही बोलले नाही. पिशवी उचलली, येते म्हटलं आणि घरी आले.

आठ दिवस मी गप्प होते. मुलांनी खोटं सांगितलं तर मी त्यांना वर्गासमोर उभं करायची, हे मला त्या आठ दिवसांत पुष्कळदा आठवलं. नवव्या दिवशी मी कल्याणला गेले. मामा तिथेच होते, ते बरंच झालं.

"बाटली मामांनी आणली होती," मी म्हटलं. "मी परत पाठवली. त्यांनी दोनदा आठवण केली. मीच नको म्हटलं."

"का, काकू?"

मी सांगितलं. बोटांवरच्या पिवळ्या डागाचं सांगितलं.

"बाई, कशाला बोललात?" मामा म्हणाले. "माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. मला कोण काय करणार होतं?"

"तुम्ही मध्ये बोलू नका."

"झालं, शाळा भरली," ते पुटपुटले, पण डोळे पुसत होते.

मग तिने मला समजावलं, कुठेही बोल न लावता, मी एखाद्या ढ मुलाला समजावलं असतं तसं. विष पचवायची ताकद म्हणजे त्या जिवाणूच्या अंगावरचं एक ओझं असतं. विष असेल तोवर ते वाहणारेच जगतात. विष बंद झालं की ज्यांनी ओझं टाकलं ते हलके होतात, भराभर वाढतात, आणि काही महिन्यांत सगळीकडे तेच उरतात.

"तुमच्याकडे वाढ दाट यायला लागली असेल ना, काकू?"

"हो."

तिने मान हलवली.

"परत शिकवता नाही येणार त्यांना?" मी विचारलं. "थोडं थोडं देऊन?"

"तेच करत होते आठवडाभर. पण जे उरलंच नाही ते शिकवणार कसं?"

छापण्याचं मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. ज्या जिवाणूवर सगळं उभं आहे तोच दाखवता येत नसेल तर कोणी छापणार नाही. नवा शोधायचा, पहिल्यापासून सगळं करायचं. मग ते काम नवं होतं. तुमच्या आईचं नाव शेवटी आभारात येईल. तिने ते 'नक्की येईल' असं म्हटलं आणि मी 'चालेल' म्हटलं.

शुक्रवारी आम्ही तिघं नाल्यावर गेलो. मी येते म्हटल्यावर कोणी नको म्हणालं नाही. जागा फक्त मामांना माहीत होती, रस्त्याखालच्या एका मोरीच्या पुढे नाला वळतो तिथे. त्या सकाळी देवासमोर हात जोडून मी काय मागितलं ते लिहिते, कारण बाकीचं सगळं लिहिलं आहे. पाणी पिवळं असू दे, असं मागितलं. विष असेल तरच ते जिवाणू तिथे जिवंत असतील. जिथे तुमच्या आईला एकदा तरी स्वच्छ पाणी बघायचं होतं तिथे मी विषासाठी हात जोडले.

शुक्रवारी वसाहतीला सुट्टी असते, ते माझ्या लक्षात नव्हतं. पाणी जवळजवळ नितळ होतं. मला इतकी निराशा वाटली की मी तिथल्या कठड्याला धरून उभी राहिले, आणि मग त्या निराशेचीच लाज वाटली.

"पाण्याचं सोडा, काकू," ती म्हणाली. "चिखलात असतं."

मामा गमबूट घालून उतरले. पलीकडच्या चाळीतून एक बाई पोत्यावर मिरच्या वाळत घालता घालता ओरडली, "काय ओ, परत आले चिखलवाले? सोनं बिनं निघतं का इकडे?"

"निघालं की तुम्हाला अर्धं," मामा खालून म्हणाले.

"आणि ती तुमची मॅडम? टोपीवाली? ती नाही आली ती?"

मामांनी काठीला बांधलेलं भांडं चिखलात खुपसलं. "नाही आल्या," ते म्हणाले.

"परत आल्या तर सांगा, माझ्या सुनेला मुलगी झाली. विचारायच्या नेहमी."

मामांनी वर माझ्याकडे पाहिलं नाही. बाटली भरून त्यांनी कठड्यावर ठेवली. ती मुलगी मार्कर काढून खाली बसली, टोपण दातात धरून थोडी थांबली, मग टोपण काढून हळूच म्हणाली, "काकू, ताईंचंच अक्षर घालू का? पुढचा नंबर देऊ, अठरा. कोणाला काही कळणार नाही."

तिच्या मनात खोटेपणा नव्हता. माझ्यासाठी म्हणून ती म्हणत होती, आणि क्षणभर मला हो म्हणावंसं वाटलं.

"नको," मी म्हटलं. "चिखल तू आणलास. तुझं अक्षर घाल, आणि एकपासून सुरू कर."

बाटली ओली होती, मार्कर उठेना. मी रुमालाने ती कोरडी केली आणि तिचं लिहून होईपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.